सूचनापेटीची किल्ली

“एवढंच?” साहेबांनी अहवालाचं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. “तीन आठवडे आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात फिरलात, आणि सल्ला काय, तर टेबल सरकवा?”

“हो,” ती म्हणाली. “पॅकिंगचं टेबल उंबरठ्याच्या अलीकडे घ्या. भट्टीकडून येणारी ट्रेची गाडी उंबरठ्यावर आपटते, म्हणून बिस्किटं फुटतात.”

बोलली ठाम, पण नजर साहेबांच्या पेनावर होती. सल्लागार म्हणून हे तिचं पहिलंच काम. साहेबांनी अहवालावर सही केली तर सल्लागार कंपनीतली नवी नोकरी पक्की, नाहीतर नारळ. वय सत्तेचाळीस. याच कारखान्यात, याच टेबलावर तिनं बावीस वर्षं पुडे भरले होते. तेव्हा काही सुचवायला गेलं की साहेब म्हणायचे, “बाई, सल्ला द्यायला शिकावं लागतं.” तिनं ते इतकं मनाला लावून घेतलं की खरंच शिकायला गेली. तीन वर्षं संध्याकाळचं कॉलेज. वर्गात सगळे तिला मावशी म्हणत. घरी सासूबाई पुस्तक हातात धरून उजळणी घेत. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण सून थापा कुठे मारतेय ते चेहऱ्यावरून बरोबर ओळखत.

साहेबांचा चेहरा ओळखायला मात्र सासूबाईंची गरज नव्हती. तो लालबुंद झाला होता.

“हे बघा... मॅडम.” शब्द घशात जरा अडकलाच. “मीसुद्धा मशीन नंबर तीनवरून इथवर आलोय.” हे वाक्य ते प्रत्येक सभेत म्हणत. पॅकिंगच्या बायका तर ते त्यांच्या आधीच पुटपुटत. “इतकी सोपी गोष्ट असती, तर आमच्या माणसांना सुचली नसती?”

“सुचली होती, साहेब. सूचनापेटी उघडा.”

पेटी हजेरीच्या यंत्राशेजारी टांगलेली होती. तिच्यात चिठ्ठ्या टाकणारे पुष्कळ होते, ती उघडलेली मात्र कुणी पाहिली नव्हती. किल्ली शोधायला चौघे धावले. कपाटं झाली, खण झाले, रखवालदाराचा जुडगा झाला. शेवटी सुतारानं कुलूपच उचकटलं आणि पेटी आणून पॅकिंगच्या टेबलावर उपडी केली. चिठ्ठ्यांचा ढीग पडला. सोबत पालीची दोन अंडी आणि कुणाचीतरी केसांची पिन.

ती एकेक चिठ्ठी वाचू लागली. “टेबल अलीकडे घ्यावे.” “गाडी आपटते, साहेब.” “टेबल अलीकडे घ्या, ही विनंती.” चार तर तिच्याच होत्या. त्या पाहून तिला वाटलं, आपलं अक्षर कॉलेजात बरंच सुधारलं म्हणायचं. एकीनं नुसता आरसा मागितला होता. दारात जमलेल्या बायका खुदखुदू लागल्या.

पेटीच्या तळाला एक चिठ्ठी अजून चिकटून होती. पार पिवळी पडलेली, जुन्या हजेरीकार्डाच्या पाठीवर लिहिलेली. साहेबांनी ती नखानं सोडवली आणि मनातल्या मनात वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. झालं, आता आपली धडगत नाही, असं तिला वाटलं.

साहेब हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तसंच हसत त्यांनी अहवालावर सही ठोकली, चिठ्ठी त्याच्यातच खुपसली आणि अहवाल तिच्या हातात दिला. मग बाह्या सरसावून टेबलाचं एक टोक धरलं.

“मॅडम, बघताय काय? उचला त्या बाजूनं!” या वेळी शब्द कुठेही अडकला नाही.

टेबल उंबरठ्याच्या अलीकडे आलं. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पहिली गाडी आली ती न आपटता, आणि ट्रेमध्ये एकही बिस्कीट फुटलेलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की सासूबाईंना कधी सांगते असं होऊन गेलं. सही खरंच झालीय ना, हे बघायला तिनं अहवाल उघडला. सही होती. शेजारी ती पिवळी चिठ्ठी होती.

“टेबल अलीकडे घ्यावे. बिस्किटे फुटतात.” खाली नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं : मशीन नंबर तीन.