कार्डात उतरणे बाकी

"चे, परत भरलेस?" कोक वीने थोरल्या बहिणीच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावलं. "माणसाचा पत्ता नाही आणि तू त्याला गाडीभाडं पाठवतेयस."

हुई लेंगने मान वर केली नाही. फोनवर वडिलांच्या कार्डाचा क्रमांक होता, त्याखाली दहा रिंगिट, आणि त्याखाली एक ओळ : रक्कम कार्डात उतरणे बाकी.

"म्हणजे नक्की काय होतं गं?" आईने पेजेची वाडगी मांडत विचारलं. चौथं वाडगं तिने वडिलांच्या, पांच्या, जागेवर ठेवलं. अजूनही ठेवायची.

"कार्ड हातात असलं तर फोनच्या पाठीला लावायचं, लगेच भरतं. नसलं तर पैसे नुसते थांबून राहतात. स्टेशनातल्या मशीनवर कार्ड ठेवलं की उतरतात. मग मला निरोप येतो."

"कुठल्याही स्टेशनात?"

"कुठल्याही."

आई खारवलेलं अंडं कापायला लागली.

पा गेल्या महिन्यात दुपारचे घरातून निघून गेले. आई खाली बाजारात गेली होती. परत आली तर दार सताड उघडं. दोन वर्षांत ते सगळं विसरले होते. मुलांची नावं, जेवलो की नाही, रात्र की दिवस. आईलाही मग रात्र नि दिवस राहिले नव्हते. कार्ड मात्र ते विसरले नव्हते. लाल दोरीने ते गळ्यात असायचं, अंघोळीतसुद्धा. आई दोरीखालून साबण लावायची. एकदा काढायला गेली तर त्यांनी तिच्या मनगटाचा चावा घेतला. त्याचा वण अजून होता.

ज्येष्ठांचं कार्ड स्टेशनच्या फाटकाला लावलं की मशीन दोनदा वाजतं, बाकीच्यांचं एकदाच. पा दर वेळी फाटकातच वळून सांगायचे, "ऐकलंत? तुम्हाला एकदा, मला दोनदा. साहेब आहे मी."

आईची साठी अजून दूर होती. "चला साहेब," ती मागून म्हणायची, "लोक खोळंबलेत." आणि पाकीट न उघडताच फाटकाला टेकवायची. कार्ड कधी बाहेर काढायचीच नाही.

"मा, एक दिवस पाकीटच गिळेल ते मशीन," कोक वी चिडवायचा.

आता तो पेज नुसती ढवळत होता. "उद्या पाणबुडे येतायत," तो म्हणाला. "तळ्यात उतरणार."

इमारतींच्या मागे कथिलाच्या जुन्या खाणीचं तळं होतं. त्याच्या तळाशी काय काय आहे, कुणालाच माहीत नव्हतं.

"पा पाण्याजवळ जायचे नाहीत," हुई लेंग म्हणाली. "घाबरायचे. ते गाडीतून फिरत असणार. कार्डातले पैसे संपले तर कुठेतरी अडकून पडतील."

"आणि नसले फिरत तर? मिळाले तर नीट अंत्यविधी तरी करू, चे. असं लोंबकळत किती दिवस राहायचं?"

"जेवा," आई म्हणाली. "गार होतंय."

सकाळी आई नेहमीसारखी पिशवी घेऊन बाजारात गेली. भावंडं तळ्यावर गेली. पाणबुडे रबरी कपडे चढवत होते आणि पोलिसांतले सार्जंट रोसली त्यांना कुठून सुरुवात करायची ते दाखवत होते, तेवढ्यात हुई लेंगचा फोन थरथरला.

रक्कम कार्डात उतरली. काजांग स्टेशन.

ती ओरडली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. रोसलींनी निरोप दोनदा वाचला. "कार्ड चालतंय म्हणजे माणूस चालतोय," ते म्हणाले आणि त्यांनी पाणबुड्यांना हाताने थांबवलं. "गुंडाळा सगळं. आता स्टेशनं बघायची."

दिवसभर ती फोटो घेऊन काजांगमध्ये फिरली. पैसे भरायचं मशीन एका कोपऱ्यात होतं, कॅमेऱ्याला तिथली फक्त डोकी दिसत होती. कुणी काही सांगू शकलं नाही. तरी घरी आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. आई ओट्याशी कांद्याची पात निवडत होती. पात पार माना टाकून पडली होती.

"आज बाजारात फार गर्दी," आई म्हणाली. बातमी ऐकून ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खूप वेळ रडली.

त्यानंतर हुई लेंग दर रविवारी पैसे भरायची आणि त्या आठवड्यात कधीतरी ते उतरायचे. एकदा रावांग, एकदा सेरेंबान. ती पोचेपर्यंत तिथे कुणी नसायचं. तळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"कुणा चोराच्या हाती लागलं असेल कार्ड," कोक वी एकदा म्हणाला.

"पांच्या गळ्यातून? तूच काढून बघायचं होतंस."

तो हसला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्या घरात हसत होतं.

या रविवारी तिने क्लांगला पत्रकं लावायचं ठरवलं आणि आईलाही चल म्हणाली. "तुझा आवाज ऐकला तर ते थांबतील. माझ्या हाकेला थांबणार नाहीत."

आई नाही म्हणाली, मग हो म्हणाली. न्याहारी करताना हुई लेंगने तिचं कार्ड मागून घेतलं, फोनच्या पाठीला लावून भरलं आणि घाईत स्वतःच्याच खिशात टाकलं.

स्टेशनात गर्दी होती. पत्रकांचा गठ्ठा सावरत ती आईच्या मागे रांगेत उभी राहिली. फाटक जवळ आलं तसं आईने पर्समधून पाकीट काढलं. हुई लेंगचा हात खिशाकडे गेला, आणि तिला आठवलं.

"मा, थांब," ती म्हणाली. "कार्ड माझ्याकडे राहिलंय. पाकिटात काही नाहीये."

पण मागून लोक रेटत होते, आणि आईचा हात सवयीने पुढे गेला होता. पाकीट फाटकाला टेकलं.

मशीन दोनदा वाजलं.