मबुयागची फेरी

ढग इतके खाली उतरले होते की ब्रिडीला विमान समुद्राच्या अगदी जवळ आणावं लागलं. लाटांवरचा फेस स्पष्ट दिसत होता. समोर मबुयाग बेट दिसायला हवं होतं. तिथे नुसती पांढरी भिंत होती.

शेजारी सेरिबामावशी केकचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. उद्या बेटावर त्यांच्या भावाच्या थडग्यावर बसवलेला नवा दगड, वरचं कापड काढून, उघडायचा होता. सगळं गोत जमलं होतं.

रेडिओवर जॅरडचा आवाज आला. तो दुसऱ्या विमानात माल घेऊन पुढे गेला होता. दोघेही बेटाबेटांवर फेऱ्या मारून उड्डाणाचे तास जमवत होते. तास पुरेसे झाले की मोठ्या विमान कंपनीत अर्ज करता येणार होता. जॅरडचे झालेच होते जवळजवळ.

"ये गं सरळ, ढगात भोक आहे मध्ये! अशी भीत राहिलीस तर म्हातारी होशील इथेच."

ब्रिडी सरळ गेली.

समुद्र नाहीसा झाला. वर पांढरं, खाली पांढरं. आपण सरळ चाललोय असं तिला वाटत होतं आणि समोरच्या यंत्रातला काटा दाखवत होता की विमान एका बाजूला कलतंय. अंग सांगतंय ते खोटं, काटा खरा, असं ती मनात घोकत राहिली. पंख सरळ केले. मग हळूहळू विमान मागे वळवलं.

कितीतरी वेळाने खाली पाणी दिसलं.

"परत चाललोय, मावशी," ती म्हणाली.

"उद्या दगड उघडायचाय, पोरी."

"माहितीये."

मावशींनी मागे वळून ढगांकडे पाहिलं.

"मग चल परत. थडगं एकच पुरे."

जिथून निघाली होती त्या हॉर्न बेटावर ती उतरली तेव्हा विमानांचा मालक लिंडसे ऑफिसच्या दारातच उभा होता.

"जॅरड गेलाच ना त्याच वाटेने? उद्या शिफारसपत्र मागायला माझ्याकडेच येशील, तेव्हा काय लिहू? ढग दिसला की पळते?"

ब्रिडी पायरीवरच बसली. मावशी डबा घेऊन तिच्याजवळ बसल्या.

लिंडसे आत गेला. रेडिओवर त्याने जॅरडला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग त्याचा आवाज चढला, मग उतरला. नुसतंच "जॅरड, बाळा, बोल," असं तो म्हणायला लागला. मावशींनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते.

बऱ्याच वेळाने ऑफिसातला फोन वाजला. लिंडसेने झडप घालून उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"उतरलोय," जॅरड म्हणाला. मघाचा तो आवाजच नव्हता. "मबुयागला. चाकांत खारफुटीच्या डहाळ्या अडकल्यात."

"तू बरा आहेस ना? ढग सरले की ये निघून."

"लिंडसे," तो म्हणाला, "विमान राहू दे इथेच. मला न्यायला बोट पाठव."