ओली गाठ

तुरीच्या आडोशाला बसून सत्यभामा जावयाच्या पायांकडे बघत होती. आंबिलीचं मडकं कडेवर घेऊन रणधीर गव्हाच्या कडेकडेनं चालला होता, हातातल्या डहाळीनं पिकावर शिंतोडे उडवत. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, असं रान शिंपताना पायात वहाण घालत नाहीत. म्हणूनच तिनं आजचा दिवस धरला होता.

आज बांधावर कोणीही दिसलं तरी लोक जेवायलाच बोलावतात, तू कोण म्हणून विचारत नाहीत. सास्तूरहून ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून आली होती. कोणी ओळखलं नव्हतं.

रणधीर ज्वारीच्या वळणाला दिसेनासा झाला तशी ती उठली. रात्री पाणी दिलेलं रान होतं. पावलं खोल उमटली होती. तिनं डावं पाऊल निवडलं, खुरप्यानं ते टाचेपासून बोटांपर्यंत अलगद उचललं, काळ्या फडक्यात घातलं आणि गाठ मारली.

मोबाइलवरच्या बाबानं सगळं नीट सांगितलं होतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं मंत्रांच्या मागे लागू नये, मातीपासून सुरुवात करावी. अमावास्येची, अनवाणी पावलाची माती. चुलीमागे ठेवायची. ती सुकत जाईल तसा माणूस सुकत जाईल. पण एकदा मारलेली गाठ सोडायची नाही. सोडली तर करणी उलटते आणि करणाऱ्याच्या रक्तातल्या सगळ्यांत लहान जिवावर जाते.

गाठ सोडायची वेळ कशाला येतेय, असं ती तेव्हा मोबाइलकडे बघून म्हणाली होती. तिची लेक सोनाली याच रानातल्या विहिरीत सापडली होती. कोर्टानं पुरावा नाही म्हणून रणधीरला सोडलं होतं. तो गेला की नात आपल्याकडे येईल, एवढाच हिशोब होता.

"आज्जी, इथलं पाऊल कुठं गेलं?"

ती दचकली. पाच-सहा वर्षांची पोरगी उकरलेल्या खड्ड्यापाशी एका पायावर उभी होती. वेण्या वाकड्यातिकड्या, एक वर, एक खाली. आरोही. नात सत्यभामेच्या मांडीवरून शेवटची उतरली तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं.

"कसलं पाऊल, माय?"

"पप्पांचं. म्या त्यांच्याच पावलात पाय ठेवत येते. मंग काटा बोचत न्हाय. तुमी कोन?"

"वाटसरू." सत्यभामेनं फडकं पदराखाली ओढलं. "वेणी कोनी घातली ही?"

"पप्पांनी. त्यांला येतच न्हाय." पोरगी खुदकन हसली. "घरची आज्जी म्हणती, बैलाला झूल घातल्यावानी घालतो. पर म्या दुसऱ्याकडून घालून घेत न्हाय."

"आन् पप्पा गावाला गेले तर?"

"जातच न्हाईत. एकदा डेंगू झाला तवा दवाखान्यात गेलते. म्या जेवलेच न्हाय. मंग मलाबी तिथंच नेलं, सुई टोचली." तिनं कोपराची आतली बाजू पुढे करून दाखवली. तिथं काहीच दिसत नव्हतं. "रातच्याला म्या पप्पांचा कान धरून झोपते. सुटला की जाग येती."

सत्यभामेला काहीतरी विचारायचं होतं. आईची आठवण येते का, असं काहीसं.

"आरू! कुठं राहिलीस गं?" ज्वारीपलीकडून रणधीरचा आवाज आला.

"आले!" पोरगी ओरडली. मग खड्ड्याकडे बघून रडकुंडीला आली. "आज्जी, आता पाय कुठं ठेवू?"

सत्यभामा खाली बसली. उजवा हात तिनं खड्ड्यात उताणा ठेवला. पोरीनं क्षणभर बघितलं, तळहातावर पाय दिला आणि पुढच्या ठशात उडी मारली. मग एकेक पाऊल नेमकं धरत ती वळणाआड गेली.

हात तसाच खड्ड्यात ठेवून सत्यभामा बसून राहिली. डाव्या मुठीत गाठ होती. माती सुकली की तो जाणार आणि त्याच्या पाठोपाठ पोर अन्न सोडून झुरणार. गाठ सोडली की थेट पोरच जाणार. तिनं फडकं चाचपलं. कडेची माती उन्हानं सुकून घट्ट व्हायला लागली होती.

ती धडपडत उठली आणि पाटाकडे धावली. पाण्यात गाठ बुडवली, दाबून धरली, चांगली भिजेपर्यंत वर काढलीच नाही. मग जवळची रिकामी बाटली भरून घेतली.

रस्त्यावर जीपची वाट बघताना शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या हातात येळवशीच्या भाजीचा, भज्जीचा डबा होता. सत्यभामा गाठीवर पाणी शिंपडत होती, ते ती बराच वेळ बघत राहिली.

"रोप हाय का, ताई?"

"न्हाय. माती हाय."

"अगं बया! नुसत्या मातीला पानी?" बाई हसली. "किती दिस घालनार?"

सत्यभामेनं बाटली हलवून किती पाणी उरलंय ते बघितलं. घशाला कोरड पडली होती. तिनं बाटली तोंडाशी नेली, तशीच खाली घेतली आणि उरलेलं पाणी गाठीवर ओतलं.

जीपचा पत्ता नव्हता. ऊन चढत होतं.