गैरहजर विजेते

"आजची चिठ्ठी मी काढणार," निशिकांत म्हणाला आणि थेट मंचावर चढला.

मध्यंतर झाले होते. सिंगापुरातल्या बुकित बातोकमधले भाड्याचे सभागृह काठोकाठ भरले होते. टेबलावर चांदीचे ताट, वाटी, पेला आणि तांब्या मांडलेले होते. आज त्यांत समईची भर पडली होती. शेजारी चिठ्ठ्यांचा काचेचा वाडगा घेऊन मराठी मंडळाची सचिव विनीता उभी होती.

"या की, निशिकांतराव. सकाळी तुमचा मेसेज आला, तेव्हापासून वाटच बघतेय."

कल्पना मुळात त्याचीच. गेल्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याने मंडळात 'मंदीतली चित्रपटगृहे' या विषयावर व्याख्यान दिले होते. एकोणीसशे तीसच्या दशकात अमेरिकेतली थिएटरे ओस पडू लागली, तेव्हा मालक नोंदवहीतून दर आठवड्याला एक नाव काढू लागले. तो माणूस काही मिनिटांत मंचावर पोचला, तर बक्षीस त्याचे. न पोचला, तर पुढच्या आठवड्यासाठी ते वाढायचे. चित्रपट कोणता, ही चौकशी मग दुय्यम ठरली. व्याख्यानाला अकरा श्रोते होते. टिपणे एकीनेच घेतली, विनीताने.

त्या वेळी मंडळाच्या मासिक मराठी चित्रपटाला तीस माणसे येत. शंभर न आल्यास तो बंद करायचा, असे कार्यकारिणीने ठरवले होते. आता विनीताने सुरू केलेल्या चिठ्ठीमुळे आणि चांदी देणाऱ्या एका सराफाच्या कृपेने दीडशे सभासदांपैकी एकशे पस्तीस येत. चार महिन्यांत चार चिठ्ठ्या निघाल्या, चारही गैरहजरांच्या. चौघेही नोकरीचा पास संपल्यावर पुण्याला परतलेले. नावे तेवढी सभासदांच्या वहीत राहिलेली. निशिकांत कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात दोषांचे प्रमाण मोजत असे. हे योगायोगाने घडण्याची शक्यता दहा हजारांत एक, असे त्याने एमआरटी ट्रेनमध्ये उभ्या उभ्याच काढले होते. वाडग्यात फक्त परतलेल्यांचीच नावे असणार. आज एक चिठ्ठी काढायची, बाकीच्या सर्वांसमक्ष उलगडायच्या, की विषय संपला.

पहिल्या रांगेत त्याची आई, सविताबाई, बसल्या होत्या. बिशानमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात त्यांचा सगळा महिना या एका रविवारकडे डोळे लावून जाई. "निशी, उगाच वाकड्यात शिरू नकोस हं," त्यांनी निघतानाच बजावले होते. "इथंच काय त्या चार बायका भेटतात मला."

"अंकल, फास्ट लाह!" मागून एक मुलगी ओरडली.

त्याने बाह्या सरसावल्या, डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली आणि उघडली. तिच्यावर त्याचेच नाव होते.

निशिकांत हजर होता. म्हणजे त्याचा सिद्धांत कोसळला होता, तोही त्याच्याच हातातल्या पुराव्याने. बाकीच्या चिठ्ठ्या उलगडण्यात आता अर्थ नव्हता. नाव वाचावे, तर चांदी त्याची. पण हट्टाने मंचावर चढून स्वतःचीच चिठ्ठी काढणाऱ्याचा खुलासा कोण ऐकून घेणार? शिवाय बक्षीस संपले, की पुढच्या महिन्यात पुन्हा तीस माणसे, आणि त्यानंतर कुलूप.

आयुष्यात एकही आकडा न फिरवलेल्या निशिकांतने घसा खाकरला.

"वरुण साठ्ये."

"अहो, तो तर मार्चमध्येच गेला!"

"परत पुणं! काय नशीब आहे बघा या पुणेकरांचं!"

सभागृह हळहळले. सविताबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या.

चित्रपट पुन्हा सुरू झाल्यावर निशिकांतने विंगेत वाडगा ओढून घेतला. दुसरी चिठ्ठी उघडली: निशिकांत. तिसरी: निशिकांत. सातव्या चिठ्ठीनंतर त्याने नमुना पुरेसा मानला.

"सगळ्या?"

"दीडशेच्या दीडशे," विनीता म्हणाली. "मनगट दुखून आलं."

"आणि मी खरं नाव वाचलं असतं तर?"

"तर चांदी घरी नेली असतीत. आणि ती कशी मिळाली, हे जन्मभर लोकांना समजावत बसला असतात."

तिने चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये टाकल्या.

"पुढच्या महिन्यातही तुम्हीच काढा हं," ती म्हणाली. "आता लोकांचा विश्वास बसलाय."