मालकाने काहीच करायचं नाही

"काका, तुम्ही फक्त किल्ली द्यायची, बाकी सगळं आमच्यावर सोडायचं," कंपनीचा माणूस म्हणाला. "भाडेकरू आम्ही शोधणार, करार आम्ही करणार, भाडं परस्पर खात्यात. मालकाने काहीच करायचं नाही."

म्हाताऱ्या शिंप्याला नेमकं हेच हवं होतं. अडतीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, तोही स्वतःच्या नाही, मुलाच्या नावावर. मालक त्याच्या शेजारीच बसला होता. वय बेचाळीस, घरात नाव अजून 'सोन्या'च. शर्टाला बटणं लावावीत तर सोन्यानेच, ओळीत एकही वाकडं जायचं नाही. पण गिऱ्हाईक दोन शब्द जास्त बोललं की तो गप्प व्हायचा, आणि फोन वाजला की उशीखाली दडवून ठेवायचा. सही मात्र तो तीन महिने घोटून शिकला होता.

"आपण पिकली पानं," शिंपी हल्ली बायकोला उठता बसता ऐकवायचा. "पोराच्या पोटाची सोय झाली की मी सुटलो." आज तो सुटणार होता. सकाळपासून त्याची दोनदा दाढी करून झाली होती.

"भाडं हातात देता येईल का हो?" बायकोने मध्येच विचारलं.

कंपनीचा माणूस हसला. "काकू, बँकेत जमा होतं. एक पैसा इकडचा तिकडे होत नाही."

"ते खरंच असेल. पण दर महिन्याला कुणी घरी येऊन याच्या हातात दिलं तर?"

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं काचेचं ऑफिस, आजूबाजूला शिकलेली माणसं, आणि ही बाई बँकेवर संशय घेतेय!

"अगं, समजत नसेल तर गप्प तरी बस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"भीड भिकेची बहीण. विचारू द्या मला." आणि तिने आपलं घोडं पुढे दामटलं. "वाटलं तर त्याचे वेगळे पैसे घ्या. भाडं बँकेतच भरा, हातात नुसती पावती द्या. पण माणूस यायला हवा. हा फोन घेत नाही. दार वाजलं की मात्र उठतो, उघडतो, 'बसा' म्हणतो, पाणी देतो. महिन्यातून एकदा कुणी दार वाजवलं तर कळेल तरी."

"काय कळेल, काकू?"

"तो उठला की नाही ते. आम्ही नसू तेव्हा."

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. अडतीस वर्षं त्याने पै पै जोडली ती पोराच्या पोटाची चिंता करत. पोट भरेल, पण तापात अंगावर पांघरूण कोण घालेल, आठ दिवस हा कुणाशी एक शब्द बोलला नाही तर ते कुणाला समजेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिच्या डोक्यात होतं. किती रात्री तिने हे एकटीने उराशी धरलं असेल, या विचाराने त्याला भडभडून आलं. मघाशी आपण तिला गप्प बस म्हणालो, याची त्याला लाज वाटली.

"बघा ना साहेब, काही जमलं तर," तोही म्हणाला.

कंपनीचा माणूस वाईट नव्हता. त्याने कराराची पानं पुढे मागे केली, जणू कुठेतरी एखादी ओळ सापडेल. "नाही हो काका. मालकाला त्रास द्यायचाच नाही, हाच आमचा नियम. मालकाच्या दारात आमचं कुणी कधी जात नाही." मग काकूंना बरं वाटावं म्हणून तो घाईघाईने बोलू लागला. "तुमच्या घराची मात्र अजिबात काळजी करू नका. भाडेकरूवर आमचं नीट लक्ष असतं. नळ गळला तरी त्याच दिवशी माणूस जातो. दर महिन्याला आमची एक मुलगी चक्कर मारते, सगळं ठीक आहे ना विचारते. दोन दिवस कुणी दार उघडलं नाही, तर आमच्याकडच्या किल्लीने आत जाऊन बघून येतो."

"आई, झालं," सोन्या म्हणाला. तिन्ही सह्या करून त्याने पेनाला टोपण लावलं होतं. तिन्ही अगदी सारख्या आल्या होत्या.

"छान आली रे," आई म्हणाली. मग ती कंपनीच्या माणसाकडे वळली. "म्हणजे जो भाडं देतो, त्याच्याकडे तुम्ही जाता?"

"हो काकू. न चुकता."

तिने सोन्याच्या पुढ्यातला करार उचलला आणि दोन्ही हातांनी त्या माणसापुढे धरला.

"मग याला मालक नका करू हो. याला भाडेकरू करून घ्या."