सीटखालची पाल

"उलटी करा ती सीट," शोधपथकाचे साहेब म्हणाले.

समुद्राने बाहेर टाकलेली विमानाची सीट हँगरमधल्या टेबलावर पडली होती. कापड कुजलेलं, नंबराची पट्टी गायब. दोन वर्षांपूर्वी याच बनावटीचं एक विमान याच पाण्यात गेलं होतं. ही सीट त्याची, की नऊ दिवसांपूर्वी एकटीच उडालेल्या कॅप्टनबाईंची, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. त्यांचा मिस्त्री. कारण उडायच्या आदल्या संध्याकाळी त्याने त्यांच्या सीटखालच्या दांडीला तारेने रबरी पाल बांधली होती.

देशात पहिल्यांदा एकटीने विमान नेणारी बाई. वादळाला भीक घालायची नाही, पण पाल दिसली की टुणकन खुर्चीवर. मिस्त्रीला एवढं पुरेसं होतं. बाईही काही कमी नव्हती. उतरली की पाल गुपचूप परत करायची. कधी त्याच्या डब्यात, कधी हत्यारांच्या पेटीत, एकदा तर चपलेत. अख्खं विमानतळ पोट धरून हसायचं.

आज कोणी हसत नव्हतं. साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पाल निघाली तर शोध बंद. या हवेत मी आणखी माणसं मारणार नाही." दाराशी बाईंचे वडील उभे होते. नऊ दिवस अंगात तोच सदरा.

मिस्त्रीने सीट उलटली, खाली बोटं फिरवली. पाल नाही. तारेचा तुकडाही नाही. दांडीवर एक ओरखडा तेवढा होता. असले ओरखडे छप्पन असतात.

"आमची नाही!" तो ओरडलाच. "साहेब, मी मारलेला पीळ समुद्राच्या बापाला सुटायचा नाही!"

"मी सांगत नव्हतो?" वडील भिंत धरून हसायला लागले. "अहो, जन्मालाच तीन आठवडे उशिरा आली कार्टी! येईल."

साहेबांनी शोधविमानाच्या वैमानिकाकडे पाहिलं. "आणखी एक फेरी." दोन लेकरांचा बाप तो. त्याने काळ्या ढगांकडे पाहिलं आणि टोपी चढवली.

बाहेर भुरभुर लागली होती. मिस्त्रीने खुंटीवरचा रेनकोट नऊ दिवसांत पहिल्यांदा अंगात घातला. इंजिन सुरू झालं. चाकांपुढचे ठोकळे काढायची दोरी त्याने एका हातात धरली, दुसरा हात गारठ्याने खिशात गेला.

बोटांना काहीतरी मऊ, लिबलिबीत लागलं.

पाल. गळ्यात तीच तार, नीट फूल करून बांधलेली. या खेपेला बाई उतरायची वाट बघत बसल्या नव्हत्या. उडायच्या आधीच परतफेड करून गेल्या होत्या.

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे तो ओरखडा आला.

"अरे, ओढ की!" वरून वैमानिक ओरडला.

मिस्त्रीच्या हातातून दोरी सुटली. शेजारी बाईंचे वडील उभे होते. त्यांच्यापुढे त्याने मूठ उघडली. "काका..."

वडिलांनी पालीकडे पाहिलं. डबा, पेटी, चपला, सगळे किस्से त्यांनी लेकीच्या तोंडून ऐकले होते. त्यांनी मिस्त्रीची बोटं एकेक करून मिटवली.

"खिशात ठेवा ती," ते म्हणाले. "आणि दोरी ओढा."