तपासणीपुरते टायर

थोरल्याला लाज म्हणून उरली नव्हती. पुढचा टायर फुटून धाकट्याचा ट्रक समोरच्या गाडीवर गेला, दोन माणसं जागीच गेली, धाकटा कोठडीत पडला, आणि हा भेटेल त्याला सांगत सुटला होता, "टायर नवेकोरे होते हो. तपासणीचा कागद आहे माझ्याकडे. त्यानंच गाडी बेफाम हाकली."

आईला अक्षर वाचता येत नसलं, तरी टायर वाचता येत होता. घरचे ट्रक तीन आणि नव्या टायरांचा जोड एकच. ज्या ट्रकची तपासणी, त्याला तो चढवायचा आणि शिक्का मिळाला की उतरवून दडवायचा, पुन्हा गुळगुळीत झालेले जुने लावायचे, ही थोरल्याची हुशारी तिनं डोळ्यांनी पाहिली होती. पाहून गप्प बसली होती.

जन्मात कुणापुढे न वाकलेल्या त्या बाईनं आज पोटच्या पोरापुढे पदर पसरला. "पोलिसांना खरं सांग रे बाबा. तुझा भाऊ आहे तो, सडेल आत."

"खरं सांगितलं तर मालकाला धरतील, आई," थोरला शांतपणे म्हणाला. "आणि तिन्ही ट्रक तुझ्या नावावर आहेत. अंगठा तूच दिलायस."



तिनं पदर खांद्यावर घेतला. "असं होय! गाडी हाकायला भाऊ, तुरुंगात जायला आई, आणि शेठ म्हणून मिरवायला तू! लाव फोन पोलिसांना. नवे टायर कुठे दडवलेस, ते त्यांना मालकीणच दाखवेल."